परत आले तर खरं

गुडगावच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे एक गृहस्थ ‘झालं’ असं कधी म्हणत नसत. काहीही विचारा, चष्मा शर्टाला पुसत म्हणायचे, ‘‘बघू.’’ मला भयंकर राग यायचा. माणसाने एकदा तरी सरळ हो म्हणावं!

एका सोमवारी सर्व्हरच्या लिनक्स सिस्टिमचं अपडेट आपोआप झालं आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर बंद पडलं. त्याला लागणारी एक जुनी फाइल अपडेटने काढून टाकली होती. दर अपडेटनंतर ती फाइल जागेवर ठेवून बॅकअप पुन्हा सुरू करेल अशी छोटी स्क्रिप्ट त्यांनी जेवण सोडून लिहिली, तीनदा वाचली आणि चालवली. ‘बॅकअप पूर्ण’ अशी ओळ आली. साहेब मागेच उभे होते.

‘‘हो गया ना?’’

‘‘देखते हैं, सर.’’

मग त्यांनी त्याच सर्व्हरवरचं स्वतःचं फोल्डर उघडलं. लेकीचे पहिल्या वर्षाचे फोटो होते. ते एकदा नीट पाहिले आणि सगळे डिलीट केले. मग बॅकअपमधून परत मागवले. पडद्यावर काहीच हलेना. चष्मा हातातच राहिला, पुसायचं सुचलं नाही. चार मिनिटांनी पहिला फोटो उमटला, मागोमाग बाकीचे.

साहेब गेल्यावर मी विचारलं, ‘‘अहो, घरी कॉपी असेल ना या फोटोंची?’’

‘‘नाही. कॉपी असती तर स्क्रिप्ट तीनदा वाचली असती का मी?’’