वॉर्डात ठरलेली सहल

आमच्या घरी चार माणसं चहाला जमली की तारकर्लीचा विषय निघतोच. खरं तर सहल झाली एकच, तीही दोन दिवसांची. पण ती ठरवण्यातच इतके किस्से झाले, की प्रत्यक्ष सहलीचं सांगायची पाळीच येत नाही.

सुरुवात झाली ती आम्ही घरातले सगळेच कोरोना पॉझिटिव्ह आलो तेव्हा. आण्णा, म्हणजे माझे वडील, माडीवर. आई मधल्या खोलीत. मी आणि बायको वैशाली पुढच्या सोप्यात. दारावर पालिकेचा कागद. सगळ्यांचा जीव रमावा म्हणून वैशालीनं फोनवर विषय काढला, "यातनं उठलो की समुद्रावर जाऊया."

आण्णांचं आयुष्य गुळाच्या अडतीवर हमालांना हाका मारण्यात गेलेलं. त्यांनी फोन ठेवला आणि माडीवरनंच ओरडून विचारलं, "कुठल्या समुद्रावर?"

"तारकर्लीला," मीही ओरडलो.

तेवढ्यात समोरच्या घराच्या खिडकीतनं आवाज आला, "तारकर्लीला नगो आण्णा, ऊन लय. गणपतीपुळ्याला जावा."

मग पलीकडच्या गच्चीवरनं तिसऱ्यानं घाटाची अवस्था सांगितली. अर्ध्या तासात अख्ख्या गल्लीनं आमची सहल ठरवली. त्या संध्याकाळी कुणाच्या तरी हातचा गरम रस्सा दाराबाहेर ठेवलेला मिळाला. कुणी ठेवला ते आजवर कळलेलं नाही.

* * *

पुढच्याच आठवड्यात आण्णांना धाप लागायला लागली. दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. आम्हाला आत सोडायचे नाहीत. त्यांचा बटणांचा फोन तेवढा जवळ होता, पण ते बोलायचे नाहीत. आई दिवसभर फोन पदरात घेऊन बसायची.

एकदा दुपारी फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला. नुसता श्वास ऐकू येत होता. मग आण्णा एकेक शब्द सोडत म्हणाले, "हाटेलात... खोली... खालची घे. मला जिना... चढवणार न्हाय."

फोन बंद झाला. आईनं फोन परत पदरात घेतला. मग वैशालीला म्हणाली, "तांदूळ टाक गं थोडा. आज जेवू वाटतंय."

* * *

नंतर फोन वाढले. आवाजाला जोर आला आणि हुकूमही सुटू लागले.

"गाडीत दोन जागा वाढीव धर."

"कुणासाठी?"

"शेजारच्या कॉटवर इस्माईल हाय, मधी पडदा. कबनूरचा. यंत्रमाग चालवतोय. त्यानं अजून समुद्र बघितला न्हाय. तो आणि त्याची मंडळी."

दुसऱ्या दिवशी, "सिस्टरला पण विचारलंय."

मी गाडीवाल्या मित्राला मोठी गाडी मागितली. तो म्हणाला, "आण्णा डिस्चार्ज घेऊन येणार हायत, का वॉर्ड घेऊन?"

* * *

मग एक दिवस आण्णांचा फोन आला, पण आवाज पडलेला. इस्माईलभाईंना अतिदक्षता विभागात हलवलं होतं. शेजारची कॉट रिकामी होती.

"त्याच्या जागा रद्द करू नगोस," एवढंच बोलले.

आण्णा घरी आले तेव्हा गल्लीनं ओवाळलं. दवाखान्यातनं निघताना सिस्टर त्यांना म्हणाल्या होत्या, "आमाला कुठली सुट्टी, आण्णा? माझ्या वाटणीचे पाय तुम्हीच भिजवून या." ते हे सगळ्यांना सांगत होते. पण सहलीचा विषय मात्र त्यांनी बंद केला. आम्हीही काढला नाही.

एका सकाळी आईला अनोळखी नंबरवरनं फोन आला. पलीकडं बाईचा आवाज होता.

"वैनी, मी कबनूरची जुबेदा. इस्माईलची मंडळी. ह्यांनी नंबर दिला. सहलीला भाकरी तुमी आणताय का मी करू?"

आईनं फोन तसाच आण्णांच्या कानाला लावला. आण्णांनी ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "भाकरी तुमी करा. चटणी आमची."

* * *

निर्बंध उठल्यावर निघालो. गाडीत कुणी मास्क काढायचा नाही, असा आईचा नियम होता. आण्णा आणि इस्माईलभाई शेजारी-शेजारी बसले. वॉर्डातल्या चहापासून डॉक्टरांच्या चपलांपर्यंत सगळं काढून हसत होते. तारकर्लीला पोचलो तेव्हा किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. दोघं वाळूत बसले, आणि एकमेकांसमोर पहिल्यांदाच मास्क काढले.

आण्णा बघतच राहिले.

"तू असा दिसतोस व्हय?"

"का? कसा वाटलो हुतो?"

"गुबऱ्या गालांचा. आवाजावरनं."

इस्माईलभाईंनी आण्णांचं तोंड नीट न्याहाळलं. "मला वाटलं हुतं, तुमाला मिशी न्हाय."

"मिशी हुती की. ऑक्सिजनच्या मास्कखाली."

मग दोघं एकमेकांकडं बघत बसले. समोर एवढा मोठा समुद्र, पण तिकडं एकाचंही लक्ष नव्हतं.