परीक्षेची जास्वंद

सुखदेव ओव्हाळ कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात परिचर. एकतीस वर्षं प्रात्यक्षिक परीक्षेला फुलं त्यांनीच आणली. सकाळी सातला, ओल्या फडक्यात, पान, कळी, फूल एकाच फांदीवर. त्यांच्या घरी छप्पन्न सालापासून देव नव्हते. जास्वंद त्यांनी कधी कुणाला वाहिली नाही, फक्त उघडून पाहिली. शिक्षण सातवी.

दोन हजार साली विभागाची अर्धी खोली कॉम्प्युटरला गेली. त्याच वर्षी, परीक्षेच्या आदल्या दिवशी, कॉलेजमागचं जास्वंदीचं कुंपण पार्किंगसाठी तोडलं गेलं. सुखदेवराव पहाटेपासून फिरले. शेवटी एका बंगल्यात मिळाली ती गेंदेदार, भरगच्च पाकळ्यांची डबल जास्वंद.

बाहेरून आलेल्या परीक्षक प्रेमलाबाईंनी फूल चिमटीत धरलं.

"परीक्षा आहे, आरास नाही. पुंकेसरांची नळी कुठाय यात? मुलांनी वर्णन कशाचं करायचं?"

"मिळाली ती आणली, मॅडम."

"मग परीक्षा पुढे ढकलू. कारण लिहिते, नमुना अयोग्य."

मुलं पेन धरून थांबलेली. एकतीस वर्षांत हा शब्द सुखदेवरावांच्या फुलाला लागला नव्हता. त्यांनी सुई घेतली, आतली एक चुरगळलेली पाकळी सोडवली आणि भिंगाखाली ठेवली.

"कड बघा. पिवळा ठिपका."

प्रेमलाबाई वाकल्या. पाकळीच्या कडेला परागकोश होता, मोहरीएवढा.

"हा पुंकेसरच, मॅडम. पाकळी व्हायला निघालाय, अजून पुरता झालेला नाही. नळी तळाशी आहे, आखूड. बाकी देठाशी हिरवी दुहेरी वाटी, पानाला दाते, सगळं जास्वंदीचंच."

त्या बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या.

"लिहा रे," त्या मुलांना म्हणाल्या. "पुस्तकातलं नको. दिसतं ते."

तीन तास खोलीत फक्त सुयांचा आवाज. सुखदेवराव दाराशी उभे होते. स्टूल होतं, पण बसले नाहीत.

दारालगतच्या टेबलावर बसलेल्या मैत्री नावाच्या मुलीनं लिहिलं होतं : परागकोश नळीवर चौदा, पाकळ्यांच्या कडेला सात. प्रेमलाबाईंनी तिच्या ट्रेमधल्या पाकळ्या एकेक करून तपासल्या.

"सहाच आहेत, बाळ."

मैत्रीनं दाराकडे पाहिलं.

"डावीकडची उलटी करा, मॅडम," सुखदेवराव तिथूनच म्हणाले. "चुणीत आहे."

प्रेमलाबाईंनी पाकळी उलटी केली आणि मैत्रीच्या 'सात'वर बरोबरची खूण केली.