साबुदाण्याची साखर

अंगण अर्धं सारवून झालं होतं. ठकूबाई पाणी आणायला ओट्यापर्यंत गेली आणि परत येऊन शेणात हात घालणार, तोच दारातून तिची सून वृषाली ओरडली, "आत्या, हलू नका! पाय बघा तुमचा!"

ओल्या सारवणावर पावलं उमटली होती. उजवं पाऊल दर वेळी अंगठ्यापाशी लाल. वृषालीनं सासूला ओट्यावर बसवून तळवा उचलला. बाभळीचा काटा आत मोडून बसला होता, भोवतीचं मांस काळं पडलं होतं, आणि वास येत होता.

"किती दिस झालं याला?"

"मला काय ठावं? दुखलं असतं तर काढला नसता व्हय?"

महाळुंगे पडवळ गावात ठकूबाईच्या पायांचा नावलौकिक होता. नवरात्रात ती अनवाणी राहायची. भर दुपारी डांबर तापलं की बाकीच्या बायका सावली धरून उड्या मारत देवळाकडं जायच्या, आणि ही रस्त्याच्या मधोमध, सावकाश. चटका म्हणून नाही. "आईनं माझ्या पायाची आग काढून घेतली," ती सांगायची. गेल्या दोन वर्षांत तर पोरीबाळी येऊन तिच्या पायांवर डोकं ठेवायच्या.

आणि त्याच्याही आधी ते साबुदाण्याचं प्रकरण घडलं होतं.

गावच्या आरोग्य उपकेंद्रात रक्तातली साखर तपासायचं शिबिर होतं. तिथली आयशा सिस्टर जुन्नरची. तिनं आदल्या दिवशी घरोघर सांगितलं, "उपास करून या." आता सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या करणाऱ्या ठकूबाईला उपास कोण शिकवणार? सकाळी अंघोळ झाली, पूजा झाली. मग ताटलीभर साबुदाण्याची खिचडी, वर रताळ्याचा गोड कीस, गोड चहा, आणि बाई चालली उपकेंद्रात.

सिस्टरनं बोटाला सुई टोचली, यंत्राकडं पाहिलं. "मावशी, काय खाल्लंय का?"

"छ्या! उपास हाय ना. साबुदाणा खाल्ला फकस्त."

सगळी खोली हसली. सिस्टरही हसली. "चूक माझीच. अहो, तुमचा उपास नको, आमच्या रोज्यासारखं पायजे. घास म्हणून तोंडात न्हाई. पाणी तेवढं प्यायचं."

शेजारची साळुबाई कशाला सोडते? "आगं बया! ठकू रोजा धरणार आता! शिरखुर्म्याला बोलव गं आमाला."

सिस्टरचं हसू तेवढ्यात थांबलं होतं. "हसा तुमी. पण साबुदाणा धरला तरी ही साखर लई हाय. उद्या परत या, मावशी."

ठकूबाई गेली नाही. उद्या गेलं की परत हसणार सगळ्या. सिस्टर दोनदा घरी आली. ठकूबाईनं तिला चहा पाजून वाटेला लावलं. "साबुदाण्याची साखर ती, साबुदाण्याबरूबर उतरली." पुढं तहान भागेना, रात्री चारचारदा उठावं लागे, परसात लघवीला बसल्या जागी मुंग्या लागत, दंडातली चोळी ढिली झाली. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून तिनं चोळी आत घेतली.

आता वृषालीनं तिला मंचरला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, रक्त घेतलं, पायाचा फोटो काढला. मग नायलॉनच्या दोऱ्याचा एक जाडसर तुकडा दाखवला. "मावशी, डोळे मिटा. हा पायाला कुठं कुठं लागला की 'हां' म्हणा."

ठकूबाईनं डोळे मिटले, हात जोडले. बराच वेळ गेला.

"डाक्टर, करा की सुरू."

वृषालीनं पदर तोंडाला लावला. डॉक्टर म्हणाले, "झालं, मावशी. दोन्ही पायांना लावून झालं."

रक्ताचा कागद आला. ती तपासणी कालचं-आजचं बघत नव्हती, मागच्या तीन महिन्यांची साखर सांगत होती. इतकी वर्षं साखर चढलेली राहिली की पायांच्या नसा मरतात, डॉक्टरांनी सांगितलं. मग काटा कळत नाही, जखम कळत नाही, आत सडत जातं. अंगठा काढावाच लागेल. तेवढ्यावर पाऊल वाचेल का, ते उघडल्यावर कळेल.

ठकूबाईनं अंगठ्याचं काही विचारलं नाही. ती म्हणाली, "म्हंजी ते... डांबराचा चटका लागायचा न्हाई, ते बी हेच व्हय?"

डॉक्टरांना उमगलं नाही. वृषालीनं त्यांना नवरात्रातलं अनवाणी चालणं सांगितलं, मग ते "हो" म्हणाले.

घरी आल्यावर अंगण तसंच होतं, निम्मं सारवलेलं, वाळून भेगाळलेलं, पावलं तपकिरी झालेली. साळुबाई विचारपूस करायला आली. ठकूबाईनं तिला ओट्यावर बसवलं आणि पदराचा दोरा ओढून तोडला.

"डोळं मीट, साळे."

"आता काय भानामती करतीस?" म्हणत साळुबाईनं डोळे मिटले. दोरा तळव्याला टेकला तशी तिनं पाय झटकन आखडला. "गुदगुल्या व्हत्यात की मेले!"

ठकूबाई तिच्या त्या भेगाळ, मळकट पायाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तरी जा. आयशाकडं जा, बोट टोचून घे. साबुदाणा खाऊ नको."

साळुबाईनं आपलाच तळवा उलटून बघितला.

दिवेलागणीला ठकूबाईनं देवीपुढं समई लावली, पण सवयीचं गाऱ्हाणं काही घातलं नाही. वृषाली भाकरीचं ताट घेऊन आली. "जेवून घ्या, आत्या. सकाळी काय खायचं न्हाई म्हणलेत. चहा बी न्हाई, पाणी बी न्हाई."

"ठावं हाय. रोजा."

वृषालीनं पिशवीत दोन लुगडी, टॉवेल आणि पायाचा फोटो भरला. सकाळच्या पहिल्या एसटीनं मंचरला जायचं होतं, अंगठा काढायला.