सातव्या वर्षाचा खंड

१९४३ सालच्या मे महिन्यातला दुसरा सोमवार. शांतवन मास्तरांना आम्ही ओढ्याकाठच्या पडीक जागेत पुरलं. खर्च एकंदर अकरा रुपये चार आणे आला, त्यातला बहुतेक पेटीच्या फळ्यांचा. हजर होतो ते त्यांची बायको मार्थाबाई, मी, खड्डा खणणारे दोन कातकरी आणि किसन. कल्याणच्या पाळकांना बोलावणं गेलं होतं, पण ते पोचेपर्यंत उन्हाळ्यात थांबता येण्यासारखं नव्हतं. प्रार्थना मार्थाबाईंनीच म्हटली. मला त्यांच्या धर्मातलं काही येत नाही, म्हणून मी टोपी काढून उभा राहिलो. किसन जरा लांब, करंजाच्या झाडाखाली उभा होता. तो लांब का उभा होता, हे कळायला मास्तरांची आणि त्या जमिनीची हकीकत सांगायला हवी.

मास्तर नगरकडचे. मुरबाडपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात मिशनची एक शाळा होती, तिच्यावर ते आले. पुढे शाळा बंद झाली, बाकीचे परत गेले, हे दोघं नवरा-बायको राहिले. मूलबाळ नव्हतं. कल्याणला राहणाऱ्या आप्पासाहेबांची माझ्या बांधाला लागून सहा खाचरं आणि वर थोडं वरकस, म्हणजे उताराचं माळरान, होतं. ती जमीन मास्तरांनी वर्षाला आठ मण भाताच्या खंडानं घेतली. जमीन कसली, बांध फुटलेले, माती ओढ्यात गेलेली. मी त्यांना म्हटलंसुद्धा, की हिच्यापेक्षा शाळा बरी होती. ते म्हणाले, "भाऊ, पोरांना सहा वर्षं शिकवलं की जमीन देवाची. आता ती देवाची असल्यासारखी कसून बघतो."

आमच्याकडे भाताचं आवण, म्हणजे लावणीची रोपं, करायचं तर आधी राब भाजावा लागतो. माघ-फाल्गुनात ऐनाच्या फांद्या तोडायच्या, त्या गवत-शेणाबरोबर पेरायच्या जागेवर पसरायच्या आणि पावसाआधी पेटवून द्यायच्या. त्या राखेत बी टाकलं की रोप तरारून येतं. बापजाद्यांपासून असंच चालत आलं आहे. मास्तरांनी पहिल्याच वर्षी सांगितलं, आपण राब भाजणार नाही. त्यांच्या वरकसावर ऐनाची मोठी झाडं होती, त्यांना त्यांनी कोयता लावला नाही. खड्डे खणून त्यात पालापाचोळा, शेण, राख कुजवायचे आणि पाट्यांनी वाहून खाचरात टाकायचे. गावाला मोठी करमणूक झाली.

"मास्तर, तुमच्या देवाला धूर चालत नाय का हो?" किसननंच विचारलं होतं. तेव्हा त्याच्याकडे कसायला जमीन नव्हती, लोकांकडे मजुरीला जायचा.

"चालतो की," मास्तर म्हणाले. "पण ऐनाला चालत नाही. दर साली हात तोडून घ्यायचे त्याचे, आणि वर देवाला म्हणायचं, पीक दे."

"मंग आमचं पीक येतं तं?"

"येतं रे. म्हणून तर तुम्हांला कुणी विचारत नाही."

मी हिशेबी माणूस आहे, म्हणून वाढवून सांगत नाही. पहिल्या वर्षी मास्तरांचं भात माझ्याहून तिसऱ्या हिश्शानं कमी आलं. दुसऱ्या वर्षीही जवळपास तेच. त्या दोघांनी उपाससुद्धा काढले असतील, बोलले नाहीत. चौथ्या वर्षी बांध पक्के झाले, माती हाताला काळी लागायला लागली. सहाव्या वर्षी ते माझ्या बरोबरीला आले. पुढे गेले नाहीत. पण माझ्या बांधावरून त्यांच्या खाचरात पाय टाकला की फरक पायाला कळायचा… मऊ, जिवंत असं काहीतरी. रोज सकाळी ते बांधावर फेटा काढून उभे राहायचे, ओठ हलायचे. मी औत धरलेला असलो तर तेवढा वेळ बैलांवर ओरडत नसे.

सातवं वर्ष १९४२ चं. सहा वर्षं पेरायचं आणि सातव्या वर्षी जमिनीला मोकळं सोडायचं, तिला विसावा द्यायचा, असं त्यांच्या शास्त्रात आहे म्हणे. मास्तरांचं ते पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. त्यासाठी दर साली थोडं थोडं भात बाजूला काढून ठेवलेलं होतं. माघात माझ्याच गाडीत आठ मण भात घालून आम्ही कल्याणला गेलो आणि आप्पासाहेबांना वर्षाचा खंड आगाऊ दिला.

आप्पासाहेबांना उलगडेना. "पेरणार नाही म्हणता, मग खंड कशाचा?"

"विसाव्याचा," मास्तर म्हणाले. "जमीन तुमची आहे असं सरकार म्हणतं. तुमचं नुकसान कशाला?"

आप्पासाहेब हसले आणि भात मोजून घेतलं. परत येताना मास्तर गाडीत आडवे पडून गात होते. त्यांना गाताना मी तेवढंच ऐकलं.

मग ब्रह्मदेश पडला. तिकडचा तांदूळ यायचा बंद झाला आणि भाताचा भाव दर बाजाराला चढायला लागला. पडून राहणारी जमीन आप्पासाहेबांच्या डोळ्यांत सलायला लागली असणार. किसननं अकरा मण कबूल केले, त्याला जमीन मिळाली. मास्तरांकडे कागद नव्हता, तोंडी बोली होती. घेतलेले आठ मण आप्पासाहेबांनी परत केले नाहीत, आणि मास्तरांनी मागितले नाहीत. मृगात किसन औत घेऊन आला तेव्हा मास्तर बांधावर उभे होते. मी पलीकडे होतो.

"मास्तर, मी नसती घेतली तं दुसऱ्या कोनी घेतली असती," किसन म्हणाला. "माझी पाच पोरं हायत."

"ठाऊक आहे रे. एवढं एक वर्ष थांबला असतास…"

"जमीन काय थकते का? बैल थकतो, मानूस थकतो."

"तू विचारलंस तिला कधी?"

"तुमी विचारलंत? काय बोलली?"

मास्तर हसले. मग फेटा बांधला आणि घरी गेले.

दिवाळीनंतर आप्पासाहेबांनी वरकसावरची झाडं कोळशाच्या ठेकेदाराला दिली. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, कल्याणच्या मोटारी कोळशावर चालत होत्या. सगळे ऐन गेले, एकही ठेवला नाही. दोन महिने तिथे भट्ट्या धुमसत होत्या आणि वारा असला की धूर मास्तरांच्या घरात जायचा. ते तेव्हा सडकेवर खडी फोडायला जात होते. एकदा वाटेत भेटले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मास्तर, तुमचा देव काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही," ते म्हणाले. थोडं पुढे गेले, आणि वळून म्हणाले, "मी पण विचारायचं सोडलं, भाऊ."

वैशाखात ताप आला. मुरबाडच्या दवाखान्यात तापावरचं कोयनेल नव्हतं. शेवटचे दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडले. जमिनीबद्दल, देवाबद्दल, कशाबद्दलच बोलले नाहीत. मार्थाबाई प्रार्थना म्हणायच्या, पण ते 'आमेन' म्हणत नसत. हे बाईंनीच मला सांगितलं.

दिवस झाल्यावर मी कल्याणला जाऊन आप्पासाहेबांना त्या आठ मणांचं विचारलं. एका वर्षाचे दोन खंड घेतलेत, असं सरळ म्हटलं. ते म्हणाले, "देणं लागत नाही. बाईमाणूस आहे म्हणून दोन मण नेऊन द्या." मी दोन मण घेऊन आलो. आजच्या भावात बाईंचं एकटीचं निम्मं वर्ष निघालं असतं. मी तसं म्हणालोही.

"ते खाण्यासाठी दिलं नव्हतं ना, भाऊ," मार्थाबाई म्हणाल्या. "जमिनीसाठी दिलं होतं."

त्यांनी किसनला बोलावलं आणि वरचं एक खाचर, मास्तरांनी ज्याचा बांध सगळ्यांत आधी घातला ते, यंदापुरतं न पेरता सोडशील का, म्हणून विचारलं. बदल्यात हे दोन मण. किसननं डोकं खाजवलं. "बाय, सोडतो," तो म्हणाला, आणि पोती डोक्यावरून नेली.

तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. पण वैशाखात त्याच्या पोरांनी बियाणाचं भात खाऊन संपवलेलं होतं, आणि आवणासाठी राब त्यानं त्याच वरच्या खाचरात आधीच भाजून ठेवला होता. पाऊस लागला तेव्हा घरात पेरण्यासारखं भात होतं ते बाईंनी दिलेलं एवढंच. मी बांधावर गेलो तर माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काय करू? तुमीच सांगा." मार्थाबाईंनी ती पेरणी दारातून पाहिली. दुसऱ्या आठवड्यात त्या नगरला भावाकडे गेल्या.

तेव्हा शेवटी दिलं गेलं ते एवढं: दोन मण भात, किसनला, मार्थाबाईंच्या हातून, माझ्यासमोर. ते त्याच खाचरात पेरलं आहे. आवण दाट आलं आहे.