बेकरीतलं कारियाद

मुलगी वेल्समध्ये असते. तिच्याकडे गेलो की सकाळी पाव आणायचं काम माझं. बेकरीतल्या बाईने पहिल्याच दिवशी विचारलं, "काय देऊ, कारियाद?" घरी येऊन मुलीला अर्थ विचारला, तर ती हसायलाच लागली. "लाडक्या, राजा, सोन्या, काहीही समजा, बाबा."

साठी उलटलेल्या माणसाला लाडक्या! आमच्या घरी पस्तीस वर्षं 'अहो' आणि 'अगं' यांवर भागलं आहे. बायकोने एकाएकी मला लाडक्या म्हटलं, तर मी आधी तिचा ताप बघेन. तरी खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी मी केस विंचरून पावाला गेलो.

मग लक्षात आलं, ती पोस्टमनलाही कारियाद म्हणते आणि पाव शिळा म्हणून भांडणाऱ्या म्हातारीलाही. वाईट नाही वाटलं. आपण असे शब्द पाहुण्यांच्या कपबश्यांसारखे जपून ठेवतो, आणि पाहुणे काही येत नाहीत. इथे ते रोजच्या वापरात आहेत, इतकंच.

काल तिचा नवरा पिठाची गोणी घेऊन मागच्या दाराने आला. ती त्याला काहीच म्हणाली नाही. म्हातारीशी बोलता बोलताच तिने त्याच्या भुवईवरचं पीठ अंगठ्याने पुसलं. त्यानेही न सांगता मान खाली केली होती.

मग ती माझ्याकडे वळली. "काय देऊ, कारियाद?"

पाव द्या, म्हटलं. गिऱ्हाइकाने आणखी काय मागायचं!