न उतरलेला जांभळा रंग

यूनुस आमच्या भिवंडीच्या दवाखान्यात कामाला लागला तेव्हा त्याच्या नखांत अजून निळा रंग होता. त्याआधी अकरा वर्षे तो लुंग्या रंगवणाऱ्या कारखान्यात होता. एकदा त्याच्या हातच्या मालाचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. सगळा माल परत आला आणि मालकाने त्याला चारचौघांत हाकलले. आमच्या रामनाथ डॉक्टरांनी त्याचा नेटका हात पाहून त्याला सूक्ष्मदर्शकाचे काम शिकवले. मी त्याच खोलीत बसून रिपोर्ट टाइप करीत असे.

काम असे होते. काचेवर नमुना पसरून वाळवायचा, त्यावर जांभळा रंग घालायचा, मग आयोडीन. नंतर स्पिरिटने धुवायचे आणि शेवटी लाल रंग द्यायचा. काही जंतू स्पिरिटलाही दाद देत नाहीत, जांभळेच राहतात. काहींचा जांभळा उतरतो आणि ते लाल दिसतात. त्यावरून डॉक्टर औषध ठरवीत.

१९७६ च्या मार्चमध्ये शेलार गावचा अनंता बायकोला, तुळजाला, घेऊन आला. ती नऊ दिवसांची बाळंतीण होती. हुडहुडी भरून ताप, लघवीत पू. यूनुसने काच केली. जांभळ्या कांड्यांसारखे जंतू दिसले, मी तसे टाइप केले आणि डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केले.

दोन दिवसांत ताप आणखी चढला. तुळजा बरळू लागली. बाळ रडत होते, पण त्याला जवळ घेण्याची तिला शुद्ध नव्हती. उद्यापर्यंत उतार पडला नाही तर आशा कमी, असे डॉक्टरांनी अनंताला सांगितले.

त्या दुपारी यूनुसने ती जुनी काच काढून पुन्हा लावली. बराच वेळ त्याने डोळा उचलला नाही. मग म्हणाला, "भाऊसाहेब, पूच्या पेशी नेहमी लाल दिसतात. इथं त्यासुद्धा जांभळ्या आहेत."

मला अर्थ कळला नाही. तोच अडखळत सांगू लागला. स्पिरिट ओतताना रंग वाहू लागला की त्याला तो परत आलेला माल आठवे आणि हात आपोआप बाटली सरळ करी. जो रंग धुऊन काढायचा, तोच तो राखत होता.

त्याने ताज्या नमुन्याची दुसरी काच केली. या वेळी थेंब स्वच्छ पडेपर्यंत स्पिरिट ओतले. काच मी धरली होती. कांड्या लाल निघाल्या.

मीही घाबरलो होतो. पहिल्या रिपोर्टवर अक्षरे माझ्या यंत्राची होती. मी म्हटले, आजच्या तारखेचा नवा रिपोर्ट देऊ, जुन्याबद्दल कशाला बोलायचे.

"मग दोनांतला खरा कोणता ते शोधण्यात डॉक्टरांचा दिवस जाईल," तो म्हणाला. "तिच्याकडं दिवस नाही." दोन्ही काचा घेऊन तो आत गेला. मी मागोमाग गेलो.

डॉक्टरांनी दोन्ही काचा पाहिल्या. ते रागावले नाहीत, त्यामुळेच आम्ही अधिक धास्तावलो. त्यांनी एका मासिकातले चित्र काढले. हजारो पटींनी मोठा केलेला जंतू, त्याचा पृष्ठभाग वाळल्या खारकेसारखा सुरकुतलेला. ते म्हणाले, लाल दिसणाऱ्या जंतूंची भिंत पातळ असते, पण तिच्याबाहेर हे आणखी एक तेलकट आवरण असते. स्पिरिटने ते विरघळते, म्हणून रंग बाहेर पडतो. शाबूत असले तर पेनिसिलिनला ते सहसा आत शिरू देत नाही.

"तेलकट सुतासारखं," यूनुस हळूच म्हणाला. "रंग वरच राहतो."

"हो. आणि दोन दिवस मी वरूनच ओततो आहे."

त्यांनी लगेच दुसरे इंजेक्शन लिहून दिले. ते भिवंडीत मिळाले नाही, अनंता ठाण्याला धावला. तो परत येईपर्यंत यूनुस तुळजाच्या खाटेपाशी उभा होता. बसायला सांगितले तरी बसला नाही.

नव्या इंजेक्शनानंतर तिसऱ्या सकाळी तिचा ताप उतरला आणि तिने बाळ मागितले.

घरी जायच्या दिवशी अनंता यूनुसचे हात धरून आभार मानू लागला. यूनुसने हात सोडवून घेतले आणि उशीर आपल्या चुकीने झाला, असे सरळ सांगितले. अनंताने तुळजाकडून बाळ घेतले.

मग तो म्हणाला, "ती जित्ती हाय म्हून गप बसतो. न्हाय तर न्हाय बसलो असतो." आणि बाळाला खांद्यावर घेऊन गेला.

त्यानंतर यूनुसने प्रत्येक रुग्णाच्या दोन काचा केल्या. आधी तो पूच्या पेशी बघे, मग जंतू.