उतारे काढून घेतलेली बॅच

अन्याय माझ्या मैत्रिणीवर झाला. कधी तेही सांगते, म्हणजे नंतर कुणी ‘असं काही घडलंच नाही’ म्हणायला नको. गेल्या वर्षी जूनमधला पहिला सोमवार, सकाळी आठची वेळ, कोल्हापुरातला एक क्लास. मॅनेजमेंटच्या प्रवेशपरीक्षेच्या बॅचचा पहिला दिवस. सरांनी विचारलं, “दहावीपर्यंत मराठी मीडियम कोण कोण?” आम्ही दोघींनी हात वर केले, आणखीही बऱ्याच जणांनी केले. सर म्हणाले, “तुमची बॅच वेगळी. शेजारच्या खोलीत बसा.”

त्या खोलीला ते शॉर्टकट बॅच म्हणायचे. तिथं गणित भरपूर आणि इंग्रजी, म्हणजे व्हर्बल, नावापुरतं. “तुमचं गणित पक्कं असतं,” सरांनी समजावलं. “व्हर्बलचे उतारे तुम्हाला झेपायचे नाहीत, त्यात वेळ घालवू नका.” आम्ही उतारे सोडवू नयेत म्हणून सराव परीक्षेच्या आमच्या प्रश्नपत्रिकेतून ते काढूनच टाकलेले असायचे. शेजारच्या खोलीतल्या इंग्रजी मीडियमच्या मुलांच्या प्रश्नपत्रिकेत मात्र असायचे.

मैत्रीण मुरगूडची. वडिलांचं शिवणकामाचं दुकान. घरात दखनी, दारात मराठी, कॉलेजात इंग्रजी, आणि गणित तर असं की सर फळ्यावर अडले की तिच्याकडं बघायचे. तिला ज्या संस्थेत जायचं होतं तिथं प्रत्येक विभागाचा कटऑफ वेगळा आहे. गणितात कितीही मिळवा, व्हर्बलमध्ये खाली राहिलात की दार बंद. आणि व्हर्बलमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवरचे. घरी ठरलं होतं, परीक्षेला दोन वर्षं द्यायची, नाही जमलं तर मिळेल ती नोकरी.

तिनं उभं राहून विचारलं, “सर, व्हर्बलच्या कटऑफचं काय?”

“ते बघू नंतर.”

“नंतर म्हंजे परीक्षा झाल्यावर का सर?”

खोली हसली. सरही हसले. “मुरगूडच्या मॅडम घाईत आहेत,” म्हणाले आणि फळ्याकडं वळले.

मी कॉलेजपासून विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिते. याचंही लिहिलं आणि क्लासच्या जिन्यात वाटलं. सरांनी बोलावून घेतलं, चहा पाजला आणि हे सगळं आमच्या भल्यासाठीच आहे असं सांगितलं. बॅचमधली मुलं म्हणाली, “तू भांडतीस आणि आमचं गणितबी बंद पडंल.” उतारे काही आले नाहीत.

यात चार महिने गेले. मग आम्ही ते मोबाईलवर शोधले आणि एसटीत सोडवायला लागलो. ती मुरगूडहून बसायची, मी कागलला. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून ती माझी जागा धरायची. पहिल्याच आठवड्यात ऊस आणि पाणी यावर एक उतारा आला. लेखकाचं म्हणणं असं की शेतकरी ऊस लावतात ते सवयीनं. मी पर्याय निवडला, उसाला दराची खात्री असते म्हणून. उत्तर चुकलं.

“ह्यो माणूस खोटं बोलालाय,” मी म्हटलं. “सवयीनं कोण ऊस लावतंय? कागलात येऊन विचार म्हणावं.”

“तू लेखकाशी भांडाल्यास.”

“मग भांडू नको? त्येनं ऊस बघितलाय तरी का?”

“नसंल बघितला. पण मार्क त्येच्याकडं हायत की.”

पुढच्या सीटवरच्या मावशी मागं वळल्या. “कुणासंगं भांडण चाललंय गं?”

“ह्या उताऱ्यातल्या माणसासंगं, मावशी.”

“मला वाटलं, नवऱ्यासंगं. चालू द्या.”

यात इंग्रजीचा दोष नव्हता. शब्द न् शब्द मला कळला होता. आमच्याकडं वाचायचं ते बाजू घ्यायला. शाळेत वक्तृत्व स्पर्धा असायची, अनुकूल बोला नाहीतर प्रतिकूल. समोरच्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगणाऱ्याला कुणी कप दिलेला मी बघितला नाही. पत्रकं लिहून माझी ही खोड जास्तच पक्की झाली होती. पण बॅचमधल्या बाकीच्या मुलांना मोबाईलवरचा उतारा दाखवला, तर तीही तेच करायची. खरं काय ते उत्तर म्हणून निवडायची, आणि प्रश्न असायचा लेखक काय म्हणतो हा. ही चूक एका आठवड्यात कुणीही दाखवून दिली असती. त्यासाठी उतारा समोर ठेवावा लागतो, एवढंच.

तोड मैत्रिणीनं काढली. “अब्बांकडं गिऱ्हाईक येतंय, म्हणतंय खांदा सैल ठेवा. अब्बांना वाटतंय, वाईट दिसंल. पण आदी त्येचंच बोलणं त्येला म्हणून दाखवत्यात. खांदा सैल, बाही आखूड, बरोबर? त्यो व्हय म्हटल्यावर मग आपलं मत. कात्री सगळ्यात शेवटी.”

तसा नियम केला. कागल सोडलं की एकीनं उतारा वाचायचा आणि दुसरीनं लेखकाचं म्हणणं परत सांगायचं, स्वतःचा एक शब्द न घालता. गोकुळ शिरगाव येईपर्यंत लेखकाचं, पुढं आपलं. मला पहिले काही दिवस जीभ आवरायची नाही. “झालं तुझं पत्रक सुरू,” ती म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायची. महिन्याभरात आमची उत्तरं बरोबर यायला लागली. पण तोवर परीक्षा तोंडावर आली होती.

निकाल लागला. माझं गणित आणि व्हर्बल दोन्हीकडं राहिलं, माझा विषय सोडा. तिचं गणित क्लासात सगळ्यात वर, शेजारची खोली धरून. व्हर्बल कटऑफच्या जरासं खाली. संस्थेचं बोलावणं आलं नाही.

आणि पंधरवड्यात क्लासनं चौकात डिजिटल बोर्ड लावला. वर तिचा फोटो, खाली फक्त गणिताचं पर्सेंटाइल, मोठ्या अक्षरात. मुरगूडची माणसं कोल्हापूरला जाता-येता बघायची आणि दुकानात जाऊन वडिलांना सांगायची, “पोरगी निवडली म्हणं, पेढं कुठं हायत?” वडील दर वेळी शिवण थांबवून सांगायचे, निवड झाली न्हाई. माणसं म्हणायची, मग बोर्ड कसा लागला? वडील पुन्हा मशीन चालू करायचे.

बोर्ड काढा म्हणून आम्ही दोघी क्लासमध्ये गेलो. “अगं, ही जाहिरात नाही, अभिनंदन आहे,” सर म्हणाले. “फोटो चांगला आलाय. राहू दे.” एका नेत्याच्या वाढदिवसाचा बोर्ड त्याच जागी लागला, तेव्हाच तो निघाला.

यंदा तिचं दुसरं वर्ष आहे, घरी ठरल्याप्रमाणं शेवटचं. क्लास सोडला, एसटीतला अभ्यास चालू आहे. त्या क्लासची नवी बॅच मात्र भरली आहे, शॉर्टकट बॅचसकट, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची तरी मुलगी आत्ता त्या खोलीत बसलेली असणार. तिच्या सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका आज संध्याकाळी मागून घ्या. इंग्रजी येत नसलं तरी चालेल, उतारा लांबूनही ओळखू येतो, पानभर सलग मजकूर असतो. तो दिसला नाही, तर उद्या सकाळी क्लासमध्ये जा आणि उतारे हातात पडेपर्यंत तिथून उठू नका.